पगारातून वसुलीची कपात : आधी पाहा, ती कोणत्या कागदावर होते आहे

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर असलेल्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षांपूर्वी चुलत भावाने मासेमारी नौकेसाठी गावच्या पतसंस्थेकडून कर्ज घेतले आणि हे जामीनदार राहिले. नौका दोन हंगाम नीट चालली, नंतर हप्ते थकले. आता व्याजासह सुमारे 4,80,000 रुपये थकबाकी आहे. कंपनीच्या कार्यालयाने त्यांना तोंडी कळवले की, "तुमच्या पगारातून वसुली करण्याचा आदेश आला आहे, पुढच्या महिन्यापासून कपात सुरू होईल." एकूण पगार 31,000 रुपये आहे आणि त्यातूनच स्वतःच्या वैयक्तिक कर्जाचा 7,200 रुपयांचा हप्ता जातो. ही कपात कायद्याने थांबवता येते का, आणि नोकरी बदलली तर सुटका होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षे दिवाणी वकिली करतो आणि पगारजप्तीच्या दरखास्तींमध्ये, म्हणजे न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जांमध्ये, दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे. तुमच्या प्रश्नात "आदेश आला आहे" एवढेच लिहिलेले आहे, तो कोणाचा आहे हे नाही, आणि सारे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. पगारातून पैसे जाण्याचे मार्ग निरनिराळे असतात. दिवाणी न्यायालयाचा जप्तीहुकूम, सहकार खात्याचा वसुली दाखला, तुम्ही स्वतः सही करून दिलेले कपातीचे संमतीपत्र आणि बँकेने खात्यातून परस्पर वळती केलेली रक्कम, हे चार मार्ग आमच्याकडे नेहमी दिसतात. पगारपत्रकावर पहिले तीन सारखेच दिसतात, चौथा फक्त बँकेच्या खात्यात दिसतो. त्यांना आव्हान देण्याची जागा, मुदत आणि मिळणारे संरक्षण मात्र वेगवेगळे असते. म्हणून सर्वांत आधी कंपनीकडे लेखी अर्ज करून त्या आदेशाची प्रत मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कंपनी या व्यवहारात केवळ मधला दुवा आहे, तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. आदेश पाळला नाही तर ती रक्कम कंपनीच्या गळ्यात पडू शकते, त्यामुळे "आदेश परत पाठवा" अशी गळ तिला घालून काही साधत नाही.

आदेशावर "दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर" असा शिक्का आणि दरखास्तीचा क्रमांक असेल, तर तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 48-अ खालचा आहे असे समजा. खासगी कंपनीतील कर्मचाऱ्याच्या पगाराची जप्ती या नियमाने होते. सरकारी, रेल्वे आणि स्थानिक संस्थांतील नोकरांसाठी नियम 48 आहे. या जप्तीला संहितेच्या कलम 60 ची मर्यादा आहे आणि ती प्रत्येक पगारदाराला माहीत असायला हवी. पोटगीचा हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा हुकूम, डिक्री) सोडला तर इतर कोणत्याही हुकूमनाम्यात पगाराचे पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्त करता येत नाही. पहिल्या रकमेचा हा आकडा पूर्वी 400 रुपये होता, तो दुरुस्तीने 1,000 झाला. तुमच्या 31,000 रुपयांतून 1,000 बाजूला काढले की 30,000 उरतात, त्यांतले 20,000 सुरक्षित राहतात, म्हणजे जास्तीत जास्त 10,000 रुपये कापता येतात. हिशोब हातात पडणाऱ्या रकमेवर होत नाही, एकूण मासिक पगारावर होतो, हे लक्षात ठेवा. पोटगीच्या हुकूमनाम्यात गणित उलटे होते, तिथे फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित असतो. तुमचे प्रकरण तसे नाही.

याच कलमात काळाचीही मर्यादा आहे आणि माझ्या अनुभवात ती पक्षकारांना क्वचितच माहीत असते. पगाराचा जप्तीयोग्य भाग सलग किंवा तुटक मिळून एकूण 24 महिने जप्तीखाली राहिला की पुढचे 12 महिने त्याला हात लावता येत नाही. ती जप्ती एकाच हुकूमनाम्यापोटी झालेली असेल, तर 24 महिन्यांनंतर त्या हुकूमनाम्यासाठी तुमचा पगार कायमचा मोकळा होतो. म्हणजे दिवाणी हुकूमनाम्यावर तुमच्या आजच्या पगारातून फार तर 2,40,000 रुपये वसूल होतील, थकबाकीच्या बरोबर निम्मे. उरलेले कर्ज यामुळे बुडत नाही. जमीन, वाहन किंवा इतर मालमत्ता यांच्याविरुद्ध वसुली चालू राहू शकते, आणि आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावर नाव असते त्या हिश्श्यावरही बोजा येऊ शकतो. तरीसुद्धा हा 24 महिन्यांचा हिशोब समोरच्या वकिलाला ठाऊक असतो आणि तडजोडीच्या बैठकीत तो तुमच्या बाजूने बोलतो, म्हणून तो लिहून खिशात ठेवा.

तुमच्या प्रकरणात त्याहून मोठा मुद्दा वेगळाच आहे, आणि त्यासाठीच मी एवढे लांब उत्तर लिहायला बसलो. कलम 60 च्या पोटकलम (1) मध्ये खंड (ह), म्हणजे इंग्रजी प्रतीतला खंड एच, असे सांगतो की, मजुरांची आणि घरगुती नोकरांची मजुरी जप्त करता येत नाही. यात एक-तृतीयांश वगैरे हिशोब नाही, ती पूर्ण मुक्त आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात "मजूर" या शब्दात कुशल, अकुशल आणि अर्धकुशल असे तिन्ही मजूर येतात आणि मजुरीत बोनसही येतो, असे म्हटले आहे. कारखान्यातला ऑपरेटर "पगारदार नोकर" आहे की "कुशल मजूर", या एका प्रश्नावर दरमहा 10,000 रुपये जाणार की एक रुपयाही जाणार नाही, हे ठरते.

हा मुद्दा पदनामावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतो. तुम्ही पाळीत उभे राहून व्हॉल्व्ह फिरवता, पिंपे भरता, कच्चा माल रिॲक्टरमध्ये ओतता, हाताने आणि अंगमेहनतीने होणारे काम हेच तुमचे मुख्य काम असेल, तर या खंडाचा आधार भक्कम होतो. तुम्ही नियंत्रण कक्षात बसून नोंदी ठेवत असाल, इतरांवर देखरेख करत असाल, रजा मंजूर करत असाल, तर तो दुबळा होतो. एका बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातील माणसाची अशी दरखास्त मी चालवली होती. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर "असिस्टंट" असे छापलेले होते आणि समोरच्या वकिलांनी तेवढ्यावर त्याला कार्यालयीन कर्मचारी ठरवले होते. आम्ही हजेरीपत्रक, पाळीचा तक्ता आणि सोबत काम करणाऱ्या दोघांच्या साक्षी आणल्या. उलटतपासात त्याला विचारले गेले की दिवसभर नेमके काय करता. त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात दोन्ही हात पुढे केले, बर्फाची लादी आकड्याने ओढून ओढून तळव्यांना पडलेले घट्टे दाखवले आणि सांगितले की लादी फोडतो, टेम्पोत भरतो, नौकेवर पोचवतो. न्यायालयाने त्याची मजुरी जप्तीतून पूर्ण वगळली. त्यानंतर वर्षभराने प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या एका तरुणासाठी मी तोच युक्तिवाद केला, तो मात्र फेटाळला गेला आणि एक-तृतीयांशाची कपात कायम राहिली. म्हणून तुमच्या बाबतीत हा मुद्दा नक्की टिकेल असे आश्वासन मी देत नाही. तो मांडायलाच हवा, आणि पुराव्यानिशी मांडायला हवा, एवढे खात्रीने सांगतो.

मांडण्याची जागा म्हणजे जिथे दरखास्त चालू आहे तेच न्यायालय. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीतून उद्भवणारे वाद त्याच न्यायालयाने ठरवायचे, असे कलम 47 सांगते, त्यासाठी वेगळा दावा लावायचा नसतो. जप्ती उठवण्याचा किंवा मर्यादित करण्याचा अर्ज द्यावा, सोबत पगाराच्या तीन चिठ्ठ्या, नेमणूकपत्र आणि पाळीचा तक्ता जोडावा, आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम स्थगितीची विनंती करावी. कर्जाच्या छापील अर्जात "जप्तीपासून मिळणाऱ्या संरक्षणावरील हक्क मी सोडतो" असे वाक्य असेल तर त्याने घाबरू नका. कलम 60 चे संरक्षण सोडून देण्याचा करार त्याच कलमाच्या पोटकलम (1-अ) ने रद्दबातल ठरवला आहे.

आता हुकूमनाम्याच्या मुळाकडे येऊ. तुमच्या प्रश्नात दाव्याचा किंवा समन्सचा कुठेच उल्लेख नाही, त्यामुळे हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत, झाला असावा अशी मला दाट शंका आहे. कोकणात असे वारंवार घडते. कर्जाच्या अर्जावर गावच्या घराचा पत्ता असतो, माणूस नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहतो, घरातली बाकीची मंडळी मुंबईला असतात आणि घराला कुलूप असते. बेलीफ येतो, दाराला समन्सची प्रत चिकटवतो, पंचाची सही घेऊन जातो. श्रावणाच्या पावसात तो कागद भिजून गळून पडतो, आणि गणपतीला घर उघडायला आलेल्या माणसाला दारावर फक्त खळीचे डाग दिसतात. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा हजर न राहण्याला पुरेसे कारण होते, असे दाखवता आले, तर आदेश 9, नियम 13 खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो. मुदत 30 दिवसांची असते. समन्स रीतसर बजावलेले नसेल, तर हे 30 दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजले जातात. कंपनीने तुम्हाला ज्या दिवशी तोंडी सांगितले तोच दिवस समोरचा पक्ष माहितीचा दिवस म्हणून धरील. ती तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा आणि आदेशाची प्रत मिळायची वाट पाहत महिना घालवू नका. सबळ कारण असेल तर या अर्जात विलंबमाफी मागता येते, पण ती मिळेलच असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. हेही सांगायला हवे की, बजावणीत किरकोळ त्रुटी असली आणि तारखेची माहिती तुम्हाला प्रत्यक्षात होती असे सिद्ध झाले, तर हुकूमनामा रद्द होत नाही. भावाने फोनवर "कोर्टाचा कागद आलाय" असे सांगितले असेल, तर ते तुमच्या वकिलांपासून लपवू नका.

हुकूमनामा दोन्ही बाजू ऐकून झालेला असेल तर अपिलाचा मार्ग उरतो. केवळ अपील दाखल झाल्याने वसुली थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि न्यायालय बहुधा काही रक्कम भरायला किंवा तारण द्यायला सांगते.

पतसंस्थेचे प्रकरण असल्यामुळे हा कागद दिवाणी न्यायालयाचा नसून सहकार खात्याचा असण्याची शक्यता मला अधिक वाटते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली निबंधक संक्षिप्त चौकशी करून वसुली दाखला देतात. मग कलम 156 आणि 1961 च्या नियमांतील नियम 107 प्रमाणे वसुली अधिकारी जप्तीची कारवाई करतो. हा मार्ग वेगवान आहे आणि जामीनदाराला जड जातो. दाखल्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करता येतो, त्याची मुदत आदेश कळल्यापासून दोन महिने आहे. त्यातली अडचण अशी की, पोटकलम (2-अ) प्रमाणे वसूलपात्र रकमेच्या 50 टक्के भरल्याशिवाय हा अर्ज विचारातच घेतला जात नाही. तुमच्या बाबतीत ते सुमारे 2,40,000 रुपये होतात. चौकशीची नोटीस तुम्हाला स्वतंत्रपणे मिळालीच नव्हती, फक्त कर्जदाराला मिळाली होती, असे असेल, तर नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचा विचार करता येतो. पर्यायी उपाय असताना रिट का, हा प्रश्न न्यायमूर्ती पहिल्यांदा विचारतील, त्याची तयारी ठेवावी लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, त्यामुळे या कामासाठी आता मुंबईची फेरी नको. आंबा घाट चढला की पोचता येते, आणि सामान्य पगारदाराला त्या वाचलेल्या खर्चाची किंमत कळते. या वसुलीतही पगाराला कलम 60 चे संरक्षण मिळाले पाहिजे, असा अर्ज आम्ही वसुली अधिकाऱ्याकडे नेहमी देतो, आणि तो लेखी देऊन पोच घेणे पुढच्या प्रत्येक टप्प्यासाठी उपयोगाचे असते.

तिसरी शक्यता संमतीपत्राची. त्याच अधिनियमाच्या कलम 49 प्रमाणे सभासद संस्थेला असा करार लिहून देऊ शकतो की, त्याच्या मालकाने पगारातून संस्थेचे पैसे कापून पाठवावेत. असा करार असेल आणि संस्थेने लेखी मागणी केली, तर पूर्ण फेड झाल्याचे संस्था कळवेपर्यंत मालकाला कपात करावी लागते. कर्जाच्या वेळी ज्या दहा-बारा ठिकाणी "इथे सही, इथे सही" करून घेतली जाते, त्यात हा कागद बहुधा असतो आणि तो वाचायला कोणी थांबत नाही. तुम्ही एकतर्फी पत्र देऊन तो मागे घेऊ शकत नाही. त्याची भाषा मात्र बारकाईने वाचायला हवी. तो तुमच्या स्वतःच्या कर्जापुरता आहे की जामीनकीच्या देण्यालाही लागू आहे, रक्कम किंवा हप्ता लिहिला आहे की जागा कोरी सोडून नंतर भरली आहे, हे पाहा. खासगी आस्थापनांतील कर्मचाऱ्यांना इथे आणखी एक आडोसा आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहिता 2019 ने मालकाने करायच्या सगळ्या कपातींची बेरीज वेतनाच्या 50 टक्क्यांपर्यंत मर्यादित केली आहे. जुन्या 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात सहकारी संस्थेची कपात धरून ही मर्यादा 75 टक्के होती, आणि काही कार्यालये सवयीने अजून तोच आकडा सांगतात. तुमच्या बँकेचा 7,200 रुपयांचा हप्ता खात्यातून जातो, मालक तो कापत नाही, म्हणून तो या बेरजेत येत नाही.

त्या हप्त्याबद्दल दोन शब्द. पगार आणि कर्ज एकाच बँकेत असतील तर बँक थकलेली रक्कम खात्यातून वळती करून घेऊ शकते. कपात सुरू झाल्यावर हप्ता चुकणार हे दिसत असेल, तर चुकण्याआधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. आपोआप वळतीचा आदेश गुपचूप बंद करून पगार दुसऱ्या खात्यात वळवण्याचा सल्ला लोक देतात, तो मी देणार नाही. शिल्लक नसल्यामुळे इलेक्ट्रॉनिक हप्ता नाकारला गेला तर 2007 च्या प्रदान व तडजोड प्रणाली कायद्याच्या कलम 25 खाली, चेक न वटल्यासारखाच फौजदारी खटला होऊ शकतो. दिवाणी अडचणीत फौजदारी अडचणीची भर पडू देऊ नये.

"आधी भावाकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असे तुम्हाला म्हणावेसे वाटत असेल, आणि ते माणूस म्हणून अगदी रास्त आहे. कायदा मात्र तुमच्या बाजूने नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि धनकोने आधी कर्जदाराच्या मागे लागावे असा आग्रह जामीनदाराला धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1960 च्या दशकातच स्पष्ट केले आहे. त्याच कायद्याचे कलम 141 मात्र तुमच्या कामाचे आहे. कर्जाला जे तारण होते ते धनकोने जामीनदाराच्या संमतीशिवाय सोडून दिले किंवा गमावले, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीनदार मुक्त होतो. म्हणून मी तुम्हाला विचारतो, नौका आज कुठे आहे? मी पाहिलेल्या एका प्रकरणात नौकेचा सांगाडा खाडीच्या चिखलात कलंडून पडला होता, इंजिन, जाळी आणि मासे शोधण्याचे यंत्र परस्पर विकले गेले होते, आणि संस्थेच्या अधिकाऱ्याने विक्रीला "हरकत नाही" असे पत्र दिले होते. त्या एका पत्रावर जामीनदाराचे देणे बरेच कमी झाले. तुमच्या भावाकडून तारणाचे कागद, नौकेची नोंदणी आणि विम्याची माहिती मिळवा. हे भाऊबंदकीचे भांडण समजू नका, तुमच्या बचावाचा पुरावा त्याच्या घरातच आहे. शिवाय तुमच्या पगारातून गेलेला प्रत्येक रुपया भावाकडून परत मागण्याचा हक्क तुम्हाला कलम 145 ने दिला आहे. म्हणून प्रत्येक पावतीवर "जामीनदार म्हणून भरणा" असे लिहून घ्या.

नोकरी बदलण्याचे विचारले आहे. तसे करू नका. जप्तीचा हुकूम त्या मालकापुरता असतो हे खरे, पण हुकूमनाम्याची अंमलबजावणी 12 वर्षांपर्यंत मागता येते, आणि नवीन कंपनीचे नाव कळायला संस्थेला वेळ लागत नाही. पगार वाटणारे कार्यालय त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर, समजा पुण्याला असेल, तर नियम 48-अ प्रमाणे तुमच्या खेड तालुक्याच्या न्यायालयाला थेट जप्ती करता येत नाही आणि हुकूमनामा तिकडे वर्ग करावा लागतो. त्यातून फार तर काही महिने मिळतात. त्याच भीतीपोटी भविष्य निर्वाह निधी काढून संस्थेला भरणेही टाळा. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांना जप्तीपासून कायद्याचे संरक्षण आहे. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवले तरी त्यांचे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले आहे. ज्याला धनको हात लावू शकत नाही ते घाबरून स्वतःच्या हाताने देऊन टाकलेली माणसे माझ्यासमोर बसून रडलेली आहेत. वसुलीला येणारे लोक "तुरुंगात टाकू" म्हणत असतील, तर प्रामाणिकपणे पैसे नसलेल्या माणसाला केवळ देणे थकले म्हणून दिवाणी कैदेत टाकता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ठरवलेले आहे.

बहुतेक प्रकरणे शेवटी तडजोडीने मिटतात आणि तुमचेही मिटेल असे मला वाटते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत भावाकडून काही येणार नाही, हे संस्थेलाही माहीत आहे. हंगामाच्या आठ-दहा महिन्यांत भावाने मोठा हप्ता द्यायचा आणि तुम्ही पगारातून वर्षभर ठरावीक छोटी रक्कम द्यायची, अशी मांडणी संस्थांनी स्वीकारल्याची उदाहरणे माझ्याकडे आहेत. हुकूमनाम्यानंतर हप्ते बांधून घ्यायला धनकोची संमती लागते, म्हणून ही बोलणी लोकअदालतीत करणे सोयीचे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण रत्नागिरीला आहे, तालुक्याच्या न्यायालयातही समिती असते आणि 15100 या क्रमांकावर माहिती मिळते. औद्योगिक कामगाराला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील मागण्याचा हक्क आहे, तो बजावायला संकोच करू नका.

तडजोडीत माणसे एक चूक हमखास करतात. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत बावीस पावत्या घेऊन माझ्याकडे आले होते. दर महिन्याला संस्थेच्या वसुली प्रतिनिधीला त्यांनी रोख पैसे दिले होते, आणि तरीही पूर्ण रकमेची दरखास्त चालू होती. हुकूमनाम्यापोटी न्यायालयाबाहेर दिलेले पैसे न्यायालयात नोंदवले गेले नाहीत, तर अंमलबजावणी करणारे न्यायालय ते विचारात घेत नाही, असा आदेश 21, नियम 2 आहे. नोंदीचा अर्ज भरणा केल्यापासून 30 दिवसांत द्यावा लागतो आणि त्याला विलंबमाफी नाही. त्या बावीस पावत्यांपैकी एकच मुदतीत बसत होती. बाकीच्यांसाठी आम्हाला संस्थेच्या संचालकांच्या दारात हात जोडून जावे लागले. तेव्हा पैसे द्याल ते चेकने किंवा खात्यातून द्या, प्रत्येक वेळी दरखास्तीत पुरसीस, म्हणजे पैसे मिळाल्याचे लेखी निवेदन, दाखल करून घ्या, आणि शेवटचा हप्ता गेल्यावर पूर्ण फेडीची पुरसीस आणि जप्ती उठवल्याचे कंपनीच्या नावाचे पत्र, दोन्ही घेतल्याशिवाय न्यायालयाच्या आवारातून बाहेर पडू नका.

तडजोडही शक्य नसेल आणि देणी सगळीकडून अंगावर आली असतील, तर व्यक्तीसाठी नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, कायदा आहे. आपल्या जिल्ह्यात तो 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. मुंबई शहरासाठी 1909 चा वेगळा कायदा आहे. तुमचा पगार आणि देणे पाहता तुम्ही त्या वाटेला जावे असे मला आज वाटत नाही.

प्रत हातात आली की तीन गोष्टी पाहून मला कळवा : वरचा शिक्का कोणाचा आहे, क्रमांकापुढे "दरखास्त" लिहिले आहे की "वसुली दाखला", आणि आदेशावर तारीख कोणती आहे. सोबत कंपनीचे पगारपत्रक महिन्याच्या कोणत्या तारखेला बंद होते तेही विचारून ठेवा. अंतरिम स्थगितीचा अर्ज त्या तारखेच्या आत न्यायालयासमोर गेला, तर पहिलीच कपात थांबण्याची शक्यता राहते. आज संध्याकाळी पाळी संपल्यावर तो प्रतीसाठीचा अर्ज लिहा.